स्वयंपाकघर, रंग आणि एक ओळखपत्र

टाके निघतात, घरचे पेढे वाटतात आणि खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. मेंदूला मार बसलेला माणूस चालत-बोलत घरी येतो. पण तासाभराच्या गप्पांनी गळून जातो, सकाळी ठरलेलं दुपारी विसरतो, ताट आपटतो, मग ओशाळतो. नोकरी सुटते. मित्र आधी रोज येतात, नंतर सणावारी, पुढे फोनही नाही. जखम दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात, ‘धडधाकट तर आहे!’

ब्रिटनमध्ये अशा माणसांसाठी १९७९ साली ‘हेडवे’ ही संस्था उभी राहिली. मुख्य कचेरी नॉटिंगहॅमला. ठिकठिकाणचे गट आपापला कारभार पाहतात. त्यातला मला लोभस वाटतो तो पूर्व लंडनचा, हॅगर्स्टनमधल्या किंग्जलँड रोडवरचा. इथे येणाऱ्याला पेशंट म्हणत नाहीत, तो सभासद. आणि सभासद म्हटलं की कामाला हात लावणं आलं. दुपारच्या स्वयंपाकालासुद्धा.

स्वयंपाक हे मेंदूचं केवढं काम आहे, ते रोज करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. आधी तेल तापत ठेवायचं की कांदा चिरायचा, मीठ घातलं की राहिलं, मध्येच कुणी हाक मारली तर आपण कुठवर आलो होतो, हा सगळा क्रम मुख्यतः कपाळामागचा भाग सांभाळतो. अपघाताच्या हिसक्यात बहुधा तोच भाग दुखावतो. म्हणून पायऱ्या कागदावर लिहून समोर लावायच्या, एका वेळी एकच काम हाती घ्यायचं, गॅसजवळ टायमर ठेवायचा. या युक्त्या पुनर्वसन केंद्रातही शिकवतात. पण तिथे आमटी बिघडली तर शेरा मिळतो. इथे भुकेली मंडळी ताटावर बसलेली असली की कुरकुर ऐकावी लागते. माझ्या मते औषध आहे ते त्या कुरकुरीत. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कुठल्याच व्यायामाने पटत नाही.

याच वास्तूत ‘सबमिट टू लव्ह’ नावाची चित्रशाळा आहे. इथल्या अनेकांनी आधी कधी कुंचला धरलेला नव्हता. २०२३ साली लंडनच्या बार्बिकन या नामांकित कलाकेंद्राच्या ‘कर्व्ह’ दालनात त्यांचं प्रदर्शन लागलं. दयेपोटी भिंत दिली, असं म्हणायची सोय नाही. बार्बिकन काही गल्लीतलं सभागृह नव्हे.

हे सगळं दाराच्या आत. बाहेर रस्त्यावर जीभ जड, पाऊल डगमगतं, म्हणजे दारुडाच, असा सरळ हिशेब. त्यावर हेडवेने २०१७ साली ओळखपत्र काढलं. त्यावर फोटो असतो आणि त्या-त्या माणसाची अडचण लिहिलेली असते: बोलायला वेळ लागतो, पटकन थकवा येतो. पोलिसांनी अडवलंच, तर चोवीस तास कायदेशीर मदत मिळण्याचीही सोय आहे.

आपल्याकडे हेल्मेट डिकीत ठेवून गाडी हाणणारे उदंड. डोक्याला मार बसून घरी परतलेल्याचा दिवस मग बायको किंवा आई भरून काढते, पगार नाही, सुट्टी नाही. आणि तो तोल सावरत एसटीत चढला, तर कंडक्टर काय म्हणेल ते सांगायला नको.