कर्करोग बाह्यरुग्ण विभागातील फार्मासिस्टची सेवा आणि रुग्णसमाधान : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

कर्करोगावरील ज्या उपचारांसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागे, त्यांपैकी अनेक उपचार आज बाह्यरुग्ण विभागात दिले जातात. काही औषधे तर गोळ्यांच्या स्वरूपात घरीच घेता येतात. त्यामुळे औषध योग्य रीतीने घेण्याची जबाबदारी रुग्ण व त्याच्या कुटुंबीयांवर येते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांतील रुग्णांना विशेष उपचारांसाठी बहुधा पुण्यास जावे लागते. शिरूरहून नगर रस्त्याने, तर दौंडहून रेल्वेने किंवा पाटसमार्गे हा प्रवास साधारणतः ६५ ते ८० कि.मी. होतो. पुढील तपासणी अनेकदा तीन आठवड्यांनी असते. मधल्या काळात शंका आल्यास रुग्ण गावातील 'मेडिकल'कडेच वळतो. अशा परिस्थितीत फार्मासिस्टच्या सेवेबाबत रुग्ण समाधानी आहे, याचा नेमका अर्थ काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फार्मासिस्टच्या सेवेचे स्वरूप :

हेप्लर व स्ट्रँड या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलेल्या विचारानुसार फार्मासिस्टचे काम केवळ औषध हाती देण्याचे नसून, औषधोपचाराच्या परिणामाची जबाबदारी घेण्याचे आहे. भारतात फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच देणे अपेक्षित आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये रुग्णास समुपदेशन करण्याच्या जबाबदारीचाही समावेश आहे.

या समुपदेशनाचे महत्त्व एका उदाहरणाने लक्षात येईल. आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी कॅपेसिटाबाईन ही गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दिवसातून दोन वेळा घ्यावयाची असते. प्रचलित पद्धतीत १४ दिवस गोळ्या व त्यानंतर ७ दिवस विश्रांती असा क्रम असतो. गोळ्या १५० व ५०० मि.ग्रॅ. अशा दोन मात्रांत मिळत असल्याने त्यांची अदलाबदल होण्याची शक्यता असते. तळहात-तळपायांची आग, तीव्र जुलाब किंवा १००.४ अंश फॅरनहाइट व त्याहून अधिक ताप ही धोक्याची चिन्हे असून, ती दिसताच उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधणे आवश्यक असते. अशा वेळी गावातील दुकानातून केवळ तापाची गोळी घेतल्यास लक्षण दबते, पण संसर्ग मात्र वाढत राहू शकतो. अशक्तपणासाठी घेतलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांतील फॉलिक ॲसिडमुळेही या औषधाचे दुष्परिणाम वाढू शकतात. म्हणून रुग्णालयातील फार्मासिस्टने दिलेली लेखी माहिती गावातील औषधविक्रेत्यापर्यंत पोहोचणे तितकेच महत्त्वाचे ठरते.

समाधानाचे मापन व त्यातील अडचणी :

लार्सन, रोव्हर्स व मॅकिगन यांनी २००२ मध्ये सुधारित केलेली २० विधानांची प्रश्नावली या क्षेत्रात परिचित आहे. तीत आपुलकीने दिलेले स्पष्टीकरण आणि उपचारांचे व्यवस्थापन अशी दोन अंगे मोजली जातात. तथापि अशी प्रश्नावली केवळ भाषांतरित करून वापरल्यास पुढील अडचणी संभवतात.

१. समाधान हे अपेक्षेवर अवलंबून असते. औषध मिळावे, उधारी चालावी व बोलणे चांगले असावे, एवढीच ज्याची अपेक्षा आहे, तो रुग्ण कोणतीही माहिती न मिळताही पूर्ण समाधान नोंदवेल.

२. औषध देणाऱ्या खिडकीपाशीच प्रश्न विचारल्यास संकोचापोटी अनुकूल उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

३. किमतीविषयीची नाराजी सेवेच्या गुणांकनात मिसळते. २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. तरीही प्रवास, तपासण्या व बुडालेली मजुरी यांचा भार उरतोच. म्हणून खर्चाचे प्रश्न स्वतंत्र ठेवावेत.

उपाययोजना :

'आपण समाधानी आहात काय?' या प्रश्नाऐवजी प्रत्यक्ष कृतींविषयी विचारणे अधिक उपयुक्त ठरेल. गोळ्या किती दिवस घ्यायच्या व केव्हा थांबवायच्या हे सांगितले काय? इतर चालू औषधांची चौकशी केली काय? कोणते लक्षण दिसल्यास कोणाला फोन करावा, हे लिहून दिले काय? त्यानंतर मिळालेली माहिती रुग्णास स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावी. अनेक घरांत औषधांचे वेळापत्रक मुलगा, सून किंवा पत्नी सांभाळते. म्हणून सोबतच्या व्यक्तीची उत्तरे वेगळी नोंदवावीत. निरक्षर रुग्णांसाठी प्रश्नावली तोंडी व बोलीभाषेत असावी आणि मुलाखत घेणारी व्यक्ती त्या औषधालयाशी संबंधित नसावी.

निष्कर्ष :

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसकालीन उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. उपचार जवळ आले, तरी केंद्रातून घरी परतल्यानंतरचे दिवस रुग्णास स्वतःच निभवावे लागतील. त्यामुळे समाधानाचा उच्च गुणांक हा चांगल्या सेवेचा पुरावा मानण्यापूर्वी, रुग्णास सुरक्षितपणे औषध घेता येते काय, हे तपासले पाहिजे. शिरूर व दौंड परिसरातील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र, भाषा व वाणिज्य विभागांनी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या सहकार्याने व नैतिकता समितीच्या परवानगीने असा अभ्यास हाती घेणे शक्य आहे. त्यातून रुग्णांना आपल्या फार्मासिस्टकडून काय मागण्याचा हक्क आहे, याची जाणीवही वाढीस लागेल.