तापलेला बर्फ

सई, ताटलीतले ते दोन तुकडे वेगळे कर बघू. नाही होत ना? ट्रेमधून काढले तेव्हा सुटे होते, मी स्वतः काढले. सरबत ढवळून होईपर्यंत एकमेकांना टेकून काय बसले, चिकटले की! डिंक नाही, दोरा नाही. हे लक्षात ठेव, पुढं कामाला येणार आहे.

आणि ओंकार, तो मोबाईल ठेव खाली. मघापासून मनालीकडच्या गाड्या बर्फावरून घसरताना बघून दात काढतोयस. तुझा आबा अस्साच घसरलाय. आणि तुझ्या त्या व्हिडिओतल्यासारखी आजूबाजूला हॉटेलं नव्हती, एका अंगाला डोंगर होता आणि दुसऱ्या अंगाला काहीच नव्हतं.

1986 ची गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर आलेली. मी चोवीस वर्षांचा, सैन्यातला नवा ड्रायव्हर. लेहहून नुब्राच्या खोऱ्यात माल न्यायचा, मध्ये खारदुंग ला. लडाखी भाषेत ला म्हणजे खिंड. माथ्यावर पाटी होती 18,380 फुटांची. पुढं नीट मोजल्यावर ती 17,582 फूट निघाली. पण खरं सांगतो, तिथं उभं राहिल्यावर ते आठशे फूट कमी झाल्याचं छातीला काही कळत नाही. हवेचा दाब आपल्या निम्मा. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते, काळा धूर ओकत गाडी कशीबशी चढते. पाणी त्र्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं चहा होतो पण डाळ काही शिजत नाही.

तीन शक्तिमान ट्रक होते, माझा मधला. शक्तिमान म्हणजे जबलपूरच्या कारखान्यातली गाडी, पुढची-मागची सगळी चाकं ओढणारी. त्याचाच मला माज. माथ्यावर उस्तादांनी, म्हणजे आमच्या हवालदारसाहेबांनी, सांगितलं की उतरणीला लागायच्या आधी साखळ्या चढवा. पहिल्या गाडीवाल्यानं मुकाट्यानं चढवल्या. मी म्हटलं, रस्ता तर दिसतोय की! बोटं गारठलेली, त्या थंडगार लोखंडी साखळ्या कोण चाकांना गुंडाळत बसणार? "होय साहेब" म्हणालो आणि तसाच निघालो.

खिंडीची उत्तरेकडची बाजू सावलीत असते. दुपारी वरच्या उतारावरचा बर्फ जरासा पाझरतो, ते पाणी रस्त्यावरून वाहतं आणि सावलीत आलं की गोठतं. एका वळणावर रस्ता ओला दिसला. ओला नव्हता तो, काचेसारखा गोठलेला होता. मी घाबरून ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी थांबली. गाडी मात्र थांबली नाही.

काय गंमत असते बघ. स्टिअरिंग डोंगराकडं फिरवलं तरी गाडी सरळच चालली होती. चाक फिरत असतं तोवर त्याला दिशा कळते, फिरायचं थांबलं की ती नुसती घसरगुंडीची पाटी. नशीब माझं, रस्त्याचा कल डोंगराकडं होता. गाडी डावीकडच्या चरात जाऊन कलंडल्यासारखी बसली. उजवीकडं गेली असती तर आज सरबत ढवळायला कुणी नव्हतं.

"आबा, पण बाबांच्या गाडीला एबीएस आहे." असू दे की! त्यानं चाक अडकत नाही, वळवता येतं. पण बर्फावर गाडी लवकर थांबवायची जादू त्यात नाही. तिथं खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्याच ओढीनं हळूहळू उतरायचं असतं.

आता मी दुसरा शहाणपणा केला. गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरागरा फिरली, गाडी इंचभर हलली नाही. आणखी दाबला. उसाच्या फडात ट्रॅक्टर रुतल्यावर तुझा काका करतो तेच. उस्ताद शांतपणे दारापाशी आले आणि म्हणाले, "उतर खाली. चाकाला हात लाव."

लावला. बाहेर शून्याखाली पंधरा आणि टायर गरम! आणि त्याच्याखाली बर्फाची वाटी तयार झालेली, आतून पितळेच्या वाटीसारखी लख्ख. मीच घासून, वितळवून, गुळगुळीत करून ठेवलेली. चाक थांबल्याबरोबर ते वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं.

हे असं का होतं, ते कळायला तुला लोहाराकडं न्यायला पाहिजे. आपल्या गावात पूर्वी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचे. पट्टीची दोन टोकं भट्टीत पांढरीपिवळी होईस्तोवर तापवायची, एकावर एक ठेवायची आणि घण मारायचा. जोड बसला! लोखंड वितळलेलं नसतं, पण वितळायच्या इतकं जवळ गेलेलं असतं की दोन टोकं एकमेकांत मिसळतात.

आता हिशेब कर. जगातली सगळ्यात खालची थंडी म्हणजे शून्याखाली 273 अंश. त्याच्या खाली थंडी नाहीच. तिथून मोजायला लागलं तर बर्फ वितळतो 273 वर. आणि ज्याला आपण कडाक्याची थंडी म्हणतो, उणे वीस, ती येते 253 वर. म्हणजे वितळायला शंभरातले सातच हिस्से कमी! लोखंडाला वितळण्याच्या तेवढंच जवळ आणायचं तर त्याला चौदाशे अंशांपर्यंत तापवावं लागेल. म्हणजे लेकरांनो, खारदुंग लाच्या रस्त्यावर पडलेला बर्फ हा भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लोखंडासारखा असतो. आपल्या हाताला तो गार लागतो, पण त्याच्या स्वतःच्या मानानं तो रसरशीत तापलेला असतो.

म्हणून तर ताटलीतले तुकडे चिकटले. म्हणूनच भुसभुशीत हिम पायानं दाबलं की थोड्या वेळानं विटेसारखं घट्ट होतं. कणाकणांचे जोड बसतात, लोहार नाही आणि घणही नाही. ताज्या कोरड्या हिमात दहातले नऊ हिस्से निव्वळ हवा असते, तरी त्यातून असा रस्ता तयार होतो.

आम्हाला शाळेत सांगायचे की दाबामुळं बर्फ वितळतो आणि म्हणून माणूस घसरतो. मी बरीच वर्षं तेच मानत होतो. पण बर्फाचा वितळणबिंदू एका अंशानं खाली आणायला सुमारे 135 वातावरणांचा दाब लागतो. ट्रकच्या चाकाखाली दाब असतो चार-पाच वातावरणांचा. त्यानं उणे पंधराचा बर्फ काय वितळणार, कप्पाळ! खरी गोष्ट मायकेल फॅरेडेनं 1850 मध्येच ओळखली होती. विजेचं डायनॅमो ज्याच्यामुळं आलं, तोच. त्यानंही असेच दोन तुकडे चिकटवून पाहिले आणि म्हणाला की बर्फाच्या अंगावर पाण्यासारखा एक पातळ थर कायम असतो. आतल्या कणांना सगळ्या बाजूंनी शेजारी धरून ठेवतात, पृष्ठभागावरच्यांना वरून धरायला कुणी नसतं, म्हणून ते सैल असतात. त्यात तू घासून उष्णता दिलीस की संपलंच. शून्याच्या जवळचा ओला बर्फ सगळ्यात घातकी. उणे तीसचा बर्फ त्या मानानं बरा पकडतो.

तर उस्ताद. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्यात आधी सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ काढायला लावला. मला वाटलं, हे कसलं काम आधी? तोंड बुजलं की धूर गाडीतच कोंडतो, हे तेव्हा कुठं ठाऊक! 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीला बर्फाच्या वादळात गाड्या अडकल्या, वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही गाडीत कोंडलेल्या विषारी धुरानं. ते वाचलं तेव्हा मला उस्ताद आठवले.

मग फावड्यांनी ती लख्ख वाटी फोडली, चाकापुढं उतार खणला. त्यात राख टाकली. बुखारीतली, म्हणजे तिकडच्या शेगडीतली, राख आम्ही डब्यात भरून नेत असू. तेव्हा कुठं माझ्या चाकांना साखळ्या चढल्या, मघाच्यापेक्षा गारठलेल्या बोटांनी.

साखळी काय करते? गाडीचं वजन तेवढंच, पण ते कडीच्या बारीकशा धारेवर येतं आणि ती बर्फात घुसते. खोल भुसभुशीत हिमात मात्र अगदी उलटं. तिथं घुसायचं नसतं, तरंगायचं असतं, म्हणून चाकातली हवा कमी करतात. दोन हजार किलोची जीप धर, चाकांत तीस पौंड हवा. एकेक चाक जमिनीला टेकतं ते साधारण दोन पोस्टकार्डांएवढ्या जागेवर. हवा पंधरावर आणली की चार पोस्टकार्डं. आइसलँडात तर भलीमोठी चाकं लावून हवा दोन-तीन पौंडांवर आणतात आणि हिमनदीवरून गाडी नेतात. पंजा आणि नखं, दोन्ही एकाच पायात शानला मिळालीत. शान म्हणजे हिमबिबट्या, लडाखी नाव. त्याचा पंजा रुंद, तळव्यालासुद्धा केस. हिमात पाय रुतत नाही, आणि निसरड्या जागी नखं बाहेर!

राख पसरेपर्यंत उस्तादांनी झोजी लाची गोष्ट सांगितली. 1 नोव्हेंबर 1948, तीही दिवाळीतलीच अमावास्या. जनरल थिमय्यांनी साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे चढवले, हिम पडत असताना. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून बुरूज उतरवून, झाकून बालतालपर्यंत आणले होते. मद्रास सॅपर्सनी त्यांच्यासाठी वाट रुंद केली. चौदा-पंधरा टनांचं धूड, पण खाली लांबलचक पट्टे, वजन सगळ्या पट्ट्यावर पसरलेलं. "आणि तुझ्याच्यानं तीन टनी सांभाळली जात नाही," असा शेवट त्यांनी गोष्टीला जोडला.

मग ओढायचं काम. पहिली गाडी माझ्या पुढं उतरणीवर होती. तारेच्या दोराचं एक टोक पुढच्या मोठ्या खडकाला, दोर माझ्या गाडीच्या कप्पीतून फिरवला, दुसरं टोक पहिल्या गाडीला. ती दोन हात सरकली की माझी एक हात सरकणार, पण जोर दुप्पट. आपल्या विहिरीवर कप्पी आहे ती खांबाला बांधलेली, ती फक्त दिशा बदलते. कप्पी ओझ्यालाच बांधली तर ती जोर वाढवते. दोर ताणायच्या आधी उस्तादांनी त्यावर दोन जाड कांबळी टाकली आणि सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर पिटाळलं. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी येते, मध्ये कुणाचा पाय आहे की मान, ते बघत नाही. कांबळ्याच्या वजनानं ती खाली पडते. हल्ली नायलॉनचे ताणले जाणारे दोर मिळतात, ते झटका गिळतात. पण त्यांच्याही टोकाला हलका हूक लावू नये, सुटला तर गोळीच.

पहिल्या गाडीनं झटका दिला नाही, नुसता ताण दिला. मी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय पेडलवर जेमतेम टेकवलेला. राखेवर साखळी करकरली. कप्पी कुरकुरली. आणि गाडी म्हातारीसारखी कण्हत चरातून वर आली. हे सगळं व्हायला तीन तास लागले. साखळ्या आधी चढवल्या असत्या तर वीस मिनिटं.

अंधार पडता पडता खिंडीखालच्या नॉर्थ पुल्लूला पोचलो. रात्री डिझेलचा तुपासारखा गोळा होऊ नये म्हणून इंजिनाखाली आळीपाळीनं शेगडी धरून बसलो. आता उणे 33 पर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल 2019 पासून लडाखात मिळतं. तेव्हा आम्हीच होतो.

तिथं सामान मोजताना एक फावडं कमी भरलं. मीच चरात रोवून विसरलो होतो. दहा दिवसांनी त्याच वाटेनं परत आलो, तर ते तिथंच उभं. मी उतरलो, दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. हलेना. आम्ही उकरलेला सगळा भुगा त्याच्याभोवती जोड बसून दगड झाला होता.

"मग काय केलंत आबा?"

काय करणार? उस्ताद गाडीतूनच ओरडले, "ऱ्हाऊ दे, लोहारानं दिलेला जोड आहे तो." उन्हाळ्यात सुटलं असेल आपोआप. मी तेव्हा रजेवर इकडं आलो होतो, तुझ्या आजीला बघायला.

ते तुकडे आण इकडं. तसेच टाक सरबतात, जोडीनंच.