तोंड उघडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा

दाढ ठणकायला लागली की रात्र सरत नाही. सकाळची पाळी बुडवून चालत नाही आणि हातात पैसेही बेताचे असतात. मग शेजारचे कोणी सांगते, "बाजारातल्या दातवाल्याकडे जा, स्वस्तात उपटून देतो." आपण जातो आणि तेथेच फसतो.

रस्त्याकडेला पेटी मांडून बसणारे हे लोक ऐकून-पाहून काम शिकलेले असतात. पडलेल्या दाताच्या जागी ते लगेच घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने खोटा दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवतात. त्याखाली अन्न अडकते, हिरडी सुजते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात. वरची कवळी पडू नये म्हणून काही जण तिला रबरी चकती बसवतात. ती टाळूला सतत ओढत राहते. अशा चकतीने टाळूला आरपार भोक पडल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. मग प्यायलेले पाणी नाकातून येते.

त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. एकाच्या रक्ताने माखलेला चिमटा नुसता धुऊन दुसऱ्याच्या तोंडात घातला, तर 'बी' आणि 'सी' प्रकारची कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते.

म्हणून वाचकहो, डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी चार प्रश्न विचारा.

पहिला : आपली पदवी आणि नोंदणी क्रमांक कोणता? पदवी बीडीएस किंवा त्यापुढची एमडीएस असावी आणि नाव राज्य दंत परिषदेकडे नोंदलेले असावे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून ही नोंदणी सुरू आहे. पाटीवर नुसते 'दातांचे डॉक्टर' लिहिलेले पुरत नाही.

दुसरा : अवजारे निर्जंतुक कशी करता? प्रेशर कुकरसारखे ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र असते. त्यात दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे अवजारे ठेवतात. नुसत्या उकळत्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत. अवजारांचे पाकीट आपल्यासमोर फोडावे. सुई नवी असावी आणि हातमोजे प्रत्येक रोग्याला नवे असावेत.

तिसरा : नेमके काय करणार आणि का? रूट कॅनाल एक्स-रे काढल्याशिवाय करू देऊ नका. चकचकीत दवाखाना म्हणजे चांगला दवाखाना असे नाही. पहिल्याच भेटीत सात-आठ दातांना कॅप सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मगच ठरवा.

चौथा : एकूण खर्च लिहून द्याल का? पावतीही मागून घ्या. काम बिघडले तर राज्य दंत परिषदेकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे हेच कागद कामाला येतात.

चांगला डॉक्टर आपल्यालाही विचारतो. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का? काहीही न विचारता जो दाढ काढायला घेतो, त्याच्यासमोरून उठावे.

पैशांची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालय गाठा. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात एक आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. रांग असते, दोन-तीन खेपा पडतात, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो.

तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्यांनी तर दुखण्याची वाट पाहूच नये. तोंडातला फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही, पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पुरते उघडेना, तर ताबडतोब दाखवावे.

पांढरा कोट पाहिला की आपण गप्प बसतो. पण तोंड आपले, कष्टाचा पैसाही आपला. हे चार प्रश्न कापून भिंतीवर लावा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.