रायगडाच्या पायथ्याचं पाचाड

रायगडाची चढण सुरू होण्याआधी पाचाड लागतं. महाडहून साधारण पंचवीस किलोमीटरवरचं, डोंगरउताराला टेकून बसलेलं हे लहानसं गाव बहुतेकांना गाडीच्या काचेतूनच दिसतं. सगळ्यांचे डोळे वरच्या गडाकडे लागलेले असतात. खरं तर शिवाजी महाराजांच्या या राजधानीचा अर्धा कारभार समजून घ्यायचा, तर इथे उतरायला हवं.

गडमाथा सुमारे ८२० मीटर उंच. तिथला वारा आणि थंडी महाराजांच्या आई जिजाऊंना सोसेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला असं सांगतात. आज त्याचा दगडी कोट, जोती आणि विहिरी उरल्या आहेत. त्यातली तक्क्याची विहीर मुद्दाम पाहावी. काठावर दगडातच घडवलेली बैठक आहे, पाठ टेकायला दगडाचाच तक्क्या. महाराज इथे बसून पाण्याला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करत, असं गावात सांगतात. कागदोपत्री पुरावा कोणी मागू नये. बैठक मात्र शाबूत आहे.

राजाच्या भेटीला आलेल्यांनाही पाचाडला थांबावं लागे. मे १६७४ मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन इथे पोचला, तेव्हा महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते. त्याला काही दिवस खालीच मुक्काम करावा लागला. गडावर जायची परवानगी मिळाल्यावर मंडळी दुपारी तीनच्या सुमारास निघाली, ती सूर्यास्ताला माथ्यावर पोचली. ६ जूनचा राज्याभिषेक त्याने पाहिला, त्याची टिपणंही ठेवली. त्या सोहळ्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधी गावातच आहे. वरच्या जयघोषात हे अकरा दिवस फार कमी जणांना आठवतात.

१८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज पुन्हा आले, या वेळी तोफा घेऊन. आधी पाचाडची पेठ त्यांच्या हाती पडली, मग गडावर भडिमार सुरू झाला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. १० मे रोजी गड पडला. राजधानीच्या पेठेची रया तर त्याआधीच गेली होती.

हल्ली चौदाशेहून जास्त पायऱ्या चढायच्या नसतील, तर जवळच्या हिरकणीवाडीतून रोपवे आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून रायगडाचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी त्याआधीही होतीच. जूनमधल्या राज्याभिषेक सोहळ्याला लाखभर माणसं लोटतात, घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते. आणि गडावरून उतरलेली भुकेली माणसं पाचाडच्या घरगुती खानावळींत झुणका-भाकरीची पानं मांडायची वाट बघत बसतात.