अंगणात पिकवा शेवाळ, वाचवा युरियाची अर्धी गोणी



शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? आषाढात न्हाणीघराच्या दगडावर धरलेली बुळबुळ, विहिरीच्या पायऱ्यांवरची हिरवी मखमल आणि तिच्यावरून घसरलेली घरातली एखादी आजी. घासून काढायची ती घाण, एवढीच शेवाळाची आपल्याकडे ओळख. भाताच्या खाचरात ते दिसले तरी आपण कपाळाला आठ्या घालतो. पण शेवाळ सगळेच सारखे नसते. भिंतीवरची मखमल हे एक झाड, खाचरात तरंगणारी हिरवी रेशमी तारांची गुंतवळ हे दुसरे, आणि ज्याच्याविषयी आज सांगणार आहे ते निळे-हिरवे शेवाळ तिसरेच. ते भाताचा मित्र आहे. आणि मित्र म्हटला की त्याची राखण आपण करायला हवी.

हे शेवाळ करते काय?

आपल्या डोक्यावरच्या हवेत नत्राचा साठा अफाट आहे, पण भाताच्या रोपाला तो उचलता येत नाही. निळे-हिरवे शेवाळ तो उचलते. त्याच्या बारीक माळेत मधेमधे काही जाड भिंतीच्या पेशी असतात. हवेतला नत्र बांधण्याचे काम तिथे चालते. शेवाळ मेले, कुजले की तो नत्र मातीत उतरतो आणि भाताला मिळतो. कित्येक खाचरांतून काही न घालताही वर्षानुवर्षे थोडेबहुत भात पिकत आले, त्याचे एक कारण हेच. पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. पुढे बनारसला आर. एन. सिंग यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी तिच्यावर काम केले. शेतकऱ्याने उघड्यावर, मातीत, अगदी कमी खर्चात शेवाळ वाढवण्याची पद्धत वेंकटरामन यांच्या कामातून पुढे आली.

परिस्थिती अनुकूल असेल तर एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र यातून मिळते. एकराचा हिशेब केला तर ८ ते १२ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे हा झाला सुमारे १७ ते २६ किलो युरिया. हल्लीची गोणी ४५ किलोची. अर्धी गोणी वाचली म्हणा ना! फार मोठी गोष्ट नाही. पण ज्याच्या घरी वीस गुंठे खाचर आणि दुकानात उधारी आहे, त्याला लहानही नाही.

माझी चूक

हे सगळे पुस्तकात वाचून मीही एकदा तोंडघशी पडलो आहे. १९९६ सालची गोष्ट. नोकरीत नवा होतो. मावळातल्या एका गावी चावडीवर पुरुष मंडळी जमवली, शेवाळाची पुडी दाखवली, तासभर भाषण केले. एका शेतकऱ्याने माझ्या शब्दावर निम्म्या खाचरात युरियाचा पहिला हप्ता घातला नाही, शेवाळ टाकले. पंधरा दिवसांनी जाऊन बघतो तर शेवाळाचा पत्ता नाही आणि त्या भागातले भात पिवळे पडलेले. तो भला माणूस काही बोलला नाही. मला मात्र मान वर करवेना.

बांधावर त्याची कारभारीण उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तिसऱ्या दिवशी बांध मीच फोडला. पाण्यावर घाण तरंगत होती, रोपं उचलून येत होती. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं."

खरेच होते. लावणी बायका करतात, पाण्याची पाळी त्या बघतात, बांध त्या फोडतात आणि त्याच बुजवतात. आणि मी सगळे सांगून आलो होतो चावडीवर! पिवळ्या पडलेल्या भाताला लगेच युरिया दिला म्हणून पीक हातचे गेले नाही, पण त्या भागात उतारा कमी आला तो आलाच. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. वहिनींनी स्वतः वाफा केला, शेवाळ पिकवले आणि खाचरातले पाणीही राखले. त्या साली अर्धी गोणी कमी घालूनही भात शेजारच्या तुकड्याच्या बरोबरीने आले. तेव्हापासून माझा नियम आहे, शेवाळाची गोष्ट सांगायची ती घरातल्या बाईला आधी. म्हणून हा लेख घरात मोठ्याने वाचावा, ही विनंती.

वाफा कसा करावा

एप्रिल-मे महिन्यांतले ऊन शेवाळाला मानवते आणि आपल्यालाही त्या वेळी थोडी सवड असते. दिवसभर ऊन येईल अशी अंगणातली जागा निवडा. साडेसहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि पाऊण फूट खोल असा खड्डा घ्या, किंवा विटा रचून तेवढा हौद करा. आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. कागदाला भोक नको.

त्यात खाचराचीच चाळलेली ८ ते १० किलो माती पसरा आणि २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट मिसळा. शेवाळाला स्फुरद लागतोच. तो नसेल तर सगळी मेहनत वाया. कोकणातल्या तांबड्या मातीसारखी माती आंबट असेल तर मूठभर चुन्याची भुकटीही घाला, कारण आंबट मातीत हे शेवाळ रमत नाही. मग चार-पाच बोटे पाणी भरून ढवळा आणि माती तळाशी बसू द्या. पाणी निवळले की १०० ते २०० ग्रॅम मूळ शेवाळ पाण्यावर हलक्या हाताने भुरभुरा. त्यानंतर ढवळू नका. मूळ शेवाळ कोठे मिळेल याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात करा.

आठवड्याभरात पाण्यावर साय धरू लागते. पाणी आटले तर वरून सावकाश घाला. दहा-पंधरा दिवसांत जाड थर झाला की पाणी घालणे बंद करा आणि वाफा उन्हात पूर्ण सुकू द्या. माती तडकते आणि शेवाळाचे पापुद्रे आपोआप सुटून वर येतात. ते गोळा करा. माझ्या अनुभवाप्रमाणे एका वेळी साधारण एक किलो पापुद्रे मिळतात. पुन्हा पाणी भरा, थोडे सुपर फॉस्फेट घाला, थोडे मूळ शेवाळ भुरभुरा, की दुसरे पीक सुरू. दोन-तीन पिकांनंतर माती नवी घालावी. एप्रिलच्या सुरुवातीला हात घातला तर मृगापर्यंत एका एकराला लागणारे ४ किलो शेवाळ एकाच वाफ्यातून निघते.

सुकलेले पापुद्रे कोरड्या पिशवीत, सावलीत ठेवा. ते मेलेले नसतात, झोपलेले असतात. उन्हाळ्यात कातळावर काळी पडलेली पापडी पहिल्या पावसात फुगून जिवंत होते, ती पाहिली आहे ना? तसेच हे. फक्त खते आणि औषधे यांच्या शेजारी पिशवी ठेवू नका.

वाफ्याची राखण

साचलेले पाणी म्हटले की डास आलेच. वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधा. ऊनही आत जाते आणि डासही अंडी घालत नाहीत. शेवाळ खाणारे बारीक किडे झाले तर निंबोळीचा थोडा भरडा पाण्यात टाका. गोगलगाई हाताने वेचा. हिरव्या रेशमी तारा दिसल्या तर काडीने गुंडाळून काढून टाका. ते आपले शेवाळ नव्हे. गुरांना आणि कोंबड्यांना हे पाणी पिऊ देऊ नका, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. ओळख नसलेले तळ्यातले शेवाळही त्याचसाठी आणू नये. लहान मुलांवर लक्ष ठेवा.

खाचरात टाकताना

लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी, रोपे जगली की, एकरी ४ किलो पापुद्रे चुरून उभ्या पाण्यात सारखे फेका. पुढचे दहा दिवस तरी पाणी हलू देऊ नका, बांध फोडू नका. सारी कळ याच दहा दिवसांत आहे. चार शेवाळ जास्त पडले तर बिघडत नाही. तणनाशक मारले असेल तर आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, काही तणनाशके शेवाळालाही मारतात.

युरिया पाण्यावर भरमसाट फेकला तर शेवाळ हवेतला नत्र बांधण्याच्या फंदात पडत नाही. आयते मिळाल्यावर कोण कष्ट करील? म्हणून जे चारसूत्री पद्धतीने भात लावतात त्यांना हे अधिक जुळते. युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचल्या जातात, वरच्या पाण्यात नत्र फारसा येत नाही आणि शेवाळ आपले काम करीत राहते.

भरवसा किती ठेवावा

खरे ते सांगतो. हे शेवाळ सगळीकडे सारखे काम करीत नाही. ज्या खाचरात पाणी टिकत नाही, जिथे सतत ढग आणि दाट सावली, जिथे माती फार आंबट, तिथे फळ कमी मिळते. म्हणून पहिल्या वर्षी सगळा युरिया बंद करू नका. माझ्यासारखी चूक करू नका. पाच गुंठ्यांत शेवाळ टाका, तिथला युरिया चौथ्या हिश्श्याने कमी करा, शेजारच्या पाच गुंठ्यांत नेहमीप्रमाणे करा. कापणीला दोन्हीकडचे भात वेगळे झोडून वेगळे मापा. माप आपलेच, खाचर आपलेच. मग कोणा साहेबाच्या शब्दावर विसंबायला नको.

फायदा दिसला तर तीन-चार हंगाम ओळीने शेवाळ टाका. ते खाचरात घर करते आणि पुढे दरवर्षी टाकण्याची गरज कमी होत जाते. मावळातल्या त्या वहिनींचा वाफा मी पुढे कितीतरी उन्हाळे पाहिला. शेजारणी त्यांच्याकडून मूठमूठ पापुद्रे विरजणासारखे मागून नेत.

आपल्याही आळीत असे एक घर व्हावे. एप्रिल उजाडला की अंगणातली ऊन येणारी जागा तेवढी हेरून ठेवा.