टाकीतलं पाणी तापत का नाही?

परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत एसी रात्रभर चालतो. मुंबईत एरवी फारसा न लागणारा हीटर तिथल्या डिस्कस माशांना लागतोच; त्यांना २८ ते ३० अंशांचं पाणी हवं. फिल्टरच्या नळीत बसवलेला इनलाइन हीटर कमी पडला, तर आधी वेगळ्या थर्मामीटरने टाकीतलं पाणी मोजा. नळीला हात लावून काही कळत नाही: ताशी ६०० लिटर प्रवाहात ३०० वॉटचा हीटर एका फेरीत पाणी अर्धा अंशही तापवत नाही.

मग प्रवाह बघा. खोट बरेचदा इथेच असते. स्पंज गाळाने तुंबला की हीटरमधलं पाणी रेंगाळतं, तिथल्या तिथे तापतं आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. टाकी मात्र गारच. स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवा, नळीतली हवा काढा.

प्रवाह ठीक असेल तर वॉट तपासा. २०० लिटर पाणी ५ अंशांनी तापवायला ३०० वॉटला साधारण चार तास लागतात, तेही उष्णता बाहेर गेली नाही तर. १०० वॉट एसीपुढे पुरत नाहीत. टाकीवर झाकण हवंच. हीटरचा दिवा लागूनही थर्मामीटर हलत नसेल, तर हीटर बदला. आणि कशालाही हात लावण्याआधी प्लग काढा.