पोपट बोलला म्हणून शाप सुटला

‘लेजंड ऑफ द गार्डियन्स’ हा घुबडांचा ॲनिमेशनपट २०१० च्या सप्टेंबरात पडद्यावर आला. कॅथरिन लास्की या अमेरिकन लेखिकेच्या पंधरा पुस्तकांच्या मालिकेतल्या पहिल्या तीन पुस्तकांवर तो बेतलेला आहे. दिग्दर्शक झॅक स्नायडर आणि चित्रं घडवणारा स्टुडिओ सिडनीचा ‘ॲनिमल लॉजिक’, म्हणजे ‘हॅपी फीट’मधले पेंग्विन नाचवणारी मंडळी. सोरेन नावाचं गव्हाणी घुबडाचं पिल्लू उडायला शिकता शिकता फांदीवरून खाली पडतं आणि भावासकट पळवलं जातं. पळवणाऱ्यांना स्वतःच्या जातीच्या शुद्धतेचा गर्व असतो. पकडलेल्या पिल्लांना ते चांदण्यात झोपवून त्यांची बुद्धी मारून टाकतात आणि राबवतात. सोरेन तिथून निसटतो, लहानपणी बापाकडून ऐकलेल्या गोष्टींमधली रक्षक घुबडं शोधून काढतो आणि शेवटी मोठं युद्ध होतं. आपल्याकडे घुबड घरावर बसलं तरी म्हातारी माणसं चपापतात. तेच घुबड लक्ष्मीचं वाहन आहे हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं चोरून विकली जातात, हेही पक्षी अभ्यासकांनी वारंवार सांगितलं आहे. अशा देशात घुबडांना नायक करणारा सिनेमा मुलांना दाखवायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कारागिरीच्या बाबतीतही हा सिनेमा अव्वल आहे. पक्ष्याला बोलकं करणं ॲनिमेशनवाल्यांसाठी भलतंच अवघड काम. पक्ष्याला ओठ नाहीत, गाल नाहीत. चोच उघडते आणि मिटते, एवढंच. घुबडाचे तर डोळेही खोबणीत पक्के बसलेले असतात, बाजूला बघायचं तर त्याला अख्खी मान वळवावी लागते. मग राग, भीती, लाज दाखवायची कुठे? या मंडळींनी ती चेहऱ्याभोवतीच्या पिसांच्या तबकडीत आणि मानेच्या कलण्यात दाखवली. सोरेन वादळी पावसातून उडतो तेव्हा पडदा जवळजवळ थबकतो आणि पंखांवरून ओघळणारा थेंब न् थेंब दिसतो. एवढं सगळं साधल्यावर मात्र शेवटच्या अर्ध्या तासात या पक्ष्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं चढतात, पायांत पोलादी नखं येतात आणि पक्ष्यांची जागा सैनिक घेतात. इतक्या कष्टाने कमावलेली वाणी अखेरीस आज्ञा सोडायला आणि आव्हान द्यायलाच कामी येते. माझा आक्षेप इथे आहे. बोलणाऱ्या पक्ष्याचा पराक्रम त्याच्या बोलण्यातच असायला हवा. तलवार चालवायला माणूस पुरतो, त्यासाठी पक्ष्याला वाचा देण्याची गरज नाही.

ही अपेक्षा हवेतली नाही. उज्जैनची गोष्ट सांगणाऱ्या एका पोपटाने ती सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी पुरी केलेली आहे. मराठी माणसाला उज्जैन म्हटलं की महाकाळ, क्षिप्रेचा घाट आणि सिंहस्थ आठवतो. इतिहासात रस असलेल्यांना राणोजी शिंद्यांचं राज्य आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभं केलेलं आजचं महाकाळाचं देऊळ. संस्कृत साहित्यातलं उज्जैन मात्र पाखरांनी गजबजलेलं आहे. कालिदासाचा मेघ इथे रात्र काढतो तो पारवे झोपी गेलेल्या सज्जांवर, आणि पहाटे क्षिप्रेवरचा वारा सारसांची साद लांबवर नेतो. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ याच नगरीत घडतं. त्यातल्या वसंतसेनेच्या वाड्याचा सातवा चौक म्हणजे पक्षिशाळाच. तिथला पिंजऱ्यातला पोपट दहीभात चापून बसलेल्या भटजींसारखा सूक्तं म्हणतो आणि मैना तोंडाळ मोलकरणीसारखी कलकलते. ही थट्टा आहे, आणि पक्ष्याच्या बोलण्याकडे बघायची जुनी नजर तीत स्पष्ट दिसते: पक्षी बोलतो, पण ते माणसाचं उष्टं असतं.

या नजरेला छेद दिला बाणभट्टाने. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या या लेखकाची ‘कादंबरी’ सुरू होते विदिशेत, शूद्रक राजाच्या सभेत. एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यात वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते. पोपट उजवा पाय उचलतो आणि राजाच्या स्तुतीची एक आर्या स्वच्छ उच्चारांत म्हणतो. सभा थक्क होते. मंत्री कुमारपालित मात्र सांगतो की यात फारसं नवल नाही. पूर्वी पोपट-मैना माणसासारख्याच स्पष्ट बोलत, अग्नीच्या शापाने त्यांची वाणी अडखळती झाली. राजाला हे पुरत नाही. तो पोपटाची खाण्यापिण्याची व्यवस्था लावतो आणि मग विचारतो, तू कोण, कुठला, पिंजऱ्यात कसा आलास? पुढची सगळी कथा हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तराची सुरुवात होते विंध्याच्या रानातल्या, पंपा सरोवराकाठच्या एका जुनाट काटेसावरीवर. तिच्या ढोलीत पोपटाचा म्हातारा बाप पिल्लाला एकट्याने वाढवतो आहे, कारण आई पिल्लाच्या जन्मातच गेली. बापाला आता फारसं उडवत नाही. शेजारच्या घरट्यांतून खाली पडलेले भाताचे दाणे आणि इतरांनी कुरतडून टाकलेले फळांचे तुकडे वेचून तो पिल्लाला भरवतो आणि उरेल ते स्वतः खातो. एके दिवशी शबरांची टोळी शिकार करून जाते. काही हाती न लागलेला एक म्हातारा शबर मागे रेंगाळतो, पायऱ्या चढावं तसा झाड चढतो आणि फळं खुडावी तशी पिल्लं ढोल्यांतून काढून, माना मुरगाळून खाली टाकू लागतो. बाप पिल्लाला पंखाखाली घेतो. शबराचा हात ढोलीत शिरतो, चोचीचे घाव सोसून बापाला बाहेर ओढतो आणि मारतो; पंखात दडलेलं एवढंसं पिल्लू त्याला दिसतच नाही. मेलेल्या बापाबरोबर पिल्लू खाली पडतं, पण वाळक्या पाचोळ्यावर पडल्यामुळे वाचतं. शबर उतरायच्या आत ते सरपटत जवळच्या तमालवृक्षाच्या मुळाशी जाऊन दडतं. त्यानंतर बाण जे लिहितो ते कुठल्याही युद्धप्रसंगापेक्षा जड आहे. पिल्लाला तहान लागते, आणि बाप नुकताच मेलेला असताना आपल्याला पाणी हवंसं वाटतं याची त्याला लाज वाटते. पंख न फुटलेल्या अंगाने ते तळ्याकडे घसटत निघतं. वाटेत हारीत नावाचा ऋषिकुमार त्याला उचलतो, पाणी पाजतो आणि जाबाली ऋषींच्या आश्रमात नेतो. सोरेनही फांदीवरून पडला होता. त्या पडण्यातून सिनेमाने पाठलाग काढला, बाणाने अपराधीपणा काढला.

आश्रमात जाबाली या पिल्लाचा पूर्वजन्म सांगतात, आणि तिथून गोष्ट उज्जैनला जाते. राजा तारापीड, पुत्र नाही म्हणून झुरणारी राणी विलासवती, शहाणा अमात्य शुकनास. राणी महाकाळाच्या दर्शनाला गेलेली असताना तिथे चाललेल्या महाभारताच्या वाचनात निपुत्रिकाला सद्गती नाही असं तिच्या कानी पडतं आणि ती जेवणखाण टाकून रडत बसते. पुढे राजाला चंद्रापीड होतो, शुकनासाला वैशंपायन. हा वैशंपायन मोठेपणी महाश्वेता नावाच्या तपस्विनीसमोर तेच ते प्रेमाचे शब्द घोकत राहतो. ती चिडून शाप देते, की पोपटासारखा बडबडतोस तर पोपटच हो. म्हणजे पोपटपंचीची शिक्षा म्हणून तो पोपट झाला. आता त्याची सुटका कशात आहे पाहा. सभेत आपली आणि उज्जैनची हकीकत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. ती ऐकून झाल्यावर शूद्रकाला आपणच चंद्रापीड होतो हे आठवतं, राजा आणि पोपट दोघेही देह ठेवतात, आणि तिकडे प्रेयसी कादंबरीच्या मिठीत मृत चंद्रापीड डोळे उघडतो. पिंजरा घेऊन आलेली चांडाळकन्या ही पोपटाची पूर्वजन्मीची आई, लक्ष्मी असते. बाणाच्या हयातीत ग्रंथ पुरा झाला नाही. हा शेवट त्याच्या मुलाने लिहिला, पण बापाने टाकलेला डाव त्याने अचूक ओळखला. अर्थ न लावता बोलल्यामुळे जी वाणी शाप ठरली, तीच स्वतःची गोष्ट समजून सांगितल्यावर मुक्ती देते. या पोपटाने कुणाला मारलं नाही, कुणाला वाचवण्यासाठी झडप घातली नाही. तो फक्त नीट बोलला, आणि मेलेला माणूस उठला. याहून मोठा पराक्रम मला तरी दुसऱ्या कुठल्या पक्षिकथेत आढळत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो सिनेमावाल्यांचा. ग्रंथात तासभर बोलता येतं, पडद्यावर काहीतरी घडावं लागतं, बोलका पोपट बघत मुलं दहा मिनिटंही बसणार नाहीत. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक चूक आहे. पोपट बोलतो तेव्हा पडद्यावर पोपट दिसायला हवा असं कुठे आहे? दिसायला हवं ते तो जे सांगतो ते. नख्शबीने चौदाव्या शतकात आपल्या ‘शुकसप्तती’वरून फारसीत ‘तूतीनामा’ रचला. त्यात रात्रीमागून रात्र पोपट फक्त गोष्टी सांगत असतो. अकबराच्या चित्रशाळेने १५६० च्या सुमारास त्याच पुस्तकासाठी सुमारे अडीचशे चित्रं काढली. आज ती बहुतेक अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहेत. बोलणाऱ्या पोपटाभोवती अडीचशे वेगवेगळी दृश्यं सोळाव्या शतकातल्या कुंचल्याला सुचली, तर आजच्या संगणकाला सुचू नयेत हे पटत नाही. मराठी रंगभूमीनेही ही कथा दुरून पाहिली नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘कादंबरी’वरून ‘शापसंभ्रम’ हे संगीत नाटक लिहिलं आणि शापांचा हा सगळा गुंता तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे मांडला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बाणाचा पोपट हा खरा पक्षीच नव्हे, तो शापित माणूस. मग पक्ष्याच्या पराक्रमाचं उदाहरण म्हणून त्याला कसं घ्यायचं? हे खरं, की कथेच्या हिशोबात तो शुकनासाचा मुलगा आहे. पण ढोलीतला काळ तो माणूस म्हणून जगत नाही. उष्टे दाणे, पंखाखालचा अंधार, वरून येणारा हात, पाचोळा, तहान हे सगळं पाखराच्या अंगाने अनुभवलेलं आहे. उलट सोरेन आणि त्याची मंडळी जन्माने घुबडं असूनही त्यांचे वाद, त्यांचा राजवाडा, त्यांचे लोहार सगळे माणसांचे आहेत. शिवाय पक्ष्यांचं संपूर्ण युद्ध आपल्यालाही ठाऊक होतं. पंचतंत्राचं तिसरं तंत्र, ‘काकोलूकीय’, म्हणजे कावळे आणि घुबडांचं हाडवैरच आहे. त्यात कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्वतःला जखमी करवून घेतो, घुबडांच्या आश्रयाला जातो आणि त्यांचा विश्वास मिळवून त्यांच्या गुहेच्या तोंडाशी काटक्या रचत राहतो. एक दिवस कावळे जळतं लाकूड आणून टाकतात आणि घुबडं संपतात. घुबडांचा एकच मंत्री, रक्ताक्ष, आधीपासून ओरडत असतो की याला मारा. त्याचं कुणी ऐकत नाही. इथे युद्ध आहे, पण त्याचा निकाल लागतो सभेतल्या बोलण्यावर: कोण गोड बोललं आणि कुणाचं खरं बोलणं कानाआड गेलं. नैतिकदृष्ट्या हे तंत्र निर्दय आहे आणि घुबडांवर त्यात अन्यायच झाला आहे, हे मान्य करायला हवं. त्या बाबतीत स्नायडरचा सिनेमा अधिक उदार आहे.

आणि खरं सांगायचं तर त्या सिनेमालाही आतून हे माहीत आहे. सोरेन ज्या वीराच्या कथांवर वाढला तो त्याला प्रत्यक्ष भेटतो तेव्हा तो असतो एक फाटका, जखमांनी विद्रूप झालेला, पुस्तकात डोकं घातलेला म्हातारा. लढाई दिसते तशी भव्य नसते, हे तोच त्या पोराला बजावतो. सबंध चित्रपटातला सर्वांत जिवंत प्रसंग हा आहे, आणि त्यात कुणी उडत नाही. दोन पक्षी नुसते बोलतात. सिनेमाला स्वतःच्या या प्रसंगावर विश्वास ठेवता आला असता तर शेवटची आगीची लढाई निम्म्याने कापता आली असती. आपल्याकडे पुण्याच्या ‘क्रेयॉन पिक्चर्स’ने निखिल अडवाणींच्या दिग्दर्शनाखाली केलेला ‘दिल्ली सफारी’ (२०१२) या बाबतीत योग्य वाटेवर होता. मुंबईच्या जंगलावर बुलडोझर फिरल्यावर जनावरं दिल्लीला निघतात आणि बरोबर घेतात ॲलेक्स नावाच्या पोपटाला, कारण माणसाची भाषा त्या एकट्यालाच येते. बिबट्याची नखं आणि अस्वलाची ताकद असूनही सगळ्यांना गरज पडते ती वकिलाची. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विनोद ठिकठिकाणी हुकलेला आहे, पण पक्ष्याला वाचा कशासाठी द्यायची हे त्यांना कळलं होतं.

उज्जैनला १९५८ पासून दर कार्तिकात कालिदास समारोह भरतो. नाटकं होतात आणि कवीच्या ग्रंथांवरच्या चित्रांचं प्रदर्शनही लागतं. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे, तेव्हा लाखो मराठी कुटुंबं मुलाबाळांसह महाकाळाच्या दारी जातील. त्याआधी पुण्या-मुंबईच्या एखाद्या स्टुडिओने वैशंपायनाला हाती घ्यावं, नाहीतर निदान त्या समारोहासाठी पंधरा मिनिटांची एखादी चित्रफीत करावी. सुरुवात काटेसावरीच्या ढोलीपासून करावी, पोपटाला सावकाश बोलू द्यावं आणि शिरस्त्राणांचा खर्च वाचवावा.